स्व-मदत जोडीला हवी, बदलीला नको

मुंबईच्या कापड गिरण्यांमध्ये 'बदली कामगार' नावाचा एक वर्ग होता. रोज गिरणीच्या दारात उभे राहायचे, कायम कामगार आला नाही तर त्याच्या जागी आत जायचे, नाहीतर रिकाम्या हाताने घरी परतायचे. बदली कामगार कामात कुठेही कमी नव्हता. पण तो दारात उभा आहे, या भरवशावर मालकाला कायम जागा भरण्याचे टाळता येत असे. आज मानसिक आरोग्याच्या दारात असाच एक बदली कामगार आणून उभा केला जात आहे. त्याचे नाव ऑनलाइन स्व-मदत. मोबाइलवरचे अ‍ॅप, आठवड्याला एक असे धडे, रोज भरायची नोंदवही, रात्री-अपरात्री उत्तर देणारे संभाषणयंत्र, असे त्याचे अनेक अवतार आहेत. नैराश्य, चिंता यांच्यापाठोपाठ आता खाण्याच्या आजारांसाठीही हाच उपाय पुढे केला जातो.

आमची भूमिका सरळ आहे. ही साधने नेहमीच्या उपचारांच्या जोडीला येणार असतील तर त्यांचे स्वागत. उपचारांच्या जागी येणार असतील तर विरोध. हा फरक कागदावर लहान दिसतो, पण कितीतरी मुलींचा जीव त्या फरकावर अवलंबून आहे. म्हणून ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतल्या स्त्री-गटांनी याबाबत आताच स्पष्ट भूमिका घेतली पाहिजे.

हा आपला प्रश्न आहे का?

पहिला आक्षेप आपल्याच बैठकांमधून येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आहेत. अशा राज्यात मुद्दाम उपाशी राहणाऱ्या किंवा खाऊन ओकणाऱ्या मुलींचा प्रश्न कशाला मांडायचा? हे श्रीमंतांघरचे चोचले नाहीत का?

नाहीत. हे आजार आहेत, आणि त्यातला एक मानसिक आजारांपैकी सर्वाधिक जीवघेण्या आजारांत मोजला जातो. अ‍ॅनोरेक्सियात बाई वजन वाढण्याच्या भीतीने खाणे तोडत जाते. शरीराचा सापळा झाला तरी तिला आपण जाडच वाटतो. बुलिमियात थोड्या वेळात भरमसाट खाणे होते, त्यावर ताबा राहत नाही, मग ते 'फेडण्यासाठी' ओकणे, रेचके घेणे, दोन दिवस उपाशी राहणे असे चक्र सुरू होते. तिसऱ्या प्रकारात ताबा सुटून खाणे असते, पण ओकणे नसते. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांनी २०१३ साली त्याला स्वतंत्र आजार म्हणून मान्यता दिली. वारंवार ओकल्याने रक्तातले पोटॅशियम घसरते आणि हृदयाची लय बिघडते. दातांचे कवच झिजते. पाळी बंद होते, हाडे ठिसूळ होतात. बुलिमियात वजन बहुधा सर्वसाधारणच असते, त्यामुळे घरातल्या माणसांना वर्षानुवर्षे काही कळत नाही.

आपल्याकडे हे आजार नाहीत, असेही म्हटले जाते. २०१२ साली बंगळुरूच्या मनोविकारतज्ज्ञांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. सुमारे दोन तृतीयांश डॉक्टरांनी असा निदान एक रुग्ण पाहिल्याचे सांगितले. म्हणजे आजार आहे. तो नोंदला जात नाही, इतकेच. बाई 'भूक लागत नाही', 'पोटात जळजळते', 'पाळी येत नाही' म्हणत पोटाच्या नाहीतर बायकांच्या डॉक्टरकडे जाते आणि टॉनिक घेऊन परत येते.

आपल्या भाषेने या आजारांना काय दिले तेही पाहू. जास्त खाणाऱ्या मुलीला आपण 'भस्म्या झालाय का?' म्हणून हिणवतो. न खाणारीला 'नखरे' म्हणतो. शिकलेली मंडळी 'आहारविकृती' असा जड शब्द वापरतात आणि त्यातल्या 'विकृती'ने तिला पुन्हा आरोपीच्या पिंजऱ्यात उभी करतात. म्हणून या लेखात 'खाण्याचे आजार' एवढाच साधा शब्द वापरला आहे.

आणि रक्तक्षयाची बाई वेगळी, या आजाराची बाई वेगळी, हे तरी कोणी ठरवले? दोघींच्या ताटावर दुसऱ्याचीच सत्ता आहे. एकीला पोटभर मिळत नाही. दुसरीला पोटभर खाल्ल्याची शरम वाटायला लावली जाते. कित्येकदा या दोघी म्हणजे एकच बाई असते.

शरीराची लाज कोण विकतो?

१९९४ साली दोन भारतीय मुली विश्वसुंदरी झाल्या आणि १९९६ साली बंगळुरूला जागतिक सौंदर्यस्पर्धा भरली. स्त्री-संघटनांनी तेव्हा निदर्शने केली, तर 'यांना सौंदर्याचे वावडे आहे' म्हणून टिंगल झाली. त्याच सुमारास पॅसिफिक महासागरातल्या फिजी बेटांवर काय घडले ते या टिंगल करणाऱ्यांनी वाचावे. तिथल्या एका भागात १९९५ साली दूरचित्रवाणी आली. त्या वर्षी शाळकरी मुलींच्या पाहणीत वजन आटोक्यात ठेवण्यासाठी ओकणारी एकही मुलगी सापडली नव्हती. १९९८ साली हे प्रमाण ११.३ टक्के झाले. तीन वर्षांत त्या मुलींची शरीरे बदलली नव्हती. त्यांच्याकडे बघणारा पडदा तेवढा नवा होता.

आता तो पडदा प्रत्येकीच्या हातात आहे. २०२१ साली फेसबुक कंपनीचे अंतर्गत कागद बाहेर आले. शरीराबद्दल आधीच वाईट वाटत असलेल्या किशोरींपैकी ३२ टक्के मुलींनी इन्स्टाग्राममुळे ते अधिकच वाईट वाटते असे सांगितल्याची नोंद कंपनीच्या स्वतःच्या संशोधनात होती. वजन कमी करण्याच्या बाजाराचा इतिहासही असाच आहे. सिब्युट्रामिन हे भूक मारणारे औषध वर्षानुवर्षे विकले गेले आणि हृदयाला धोका म्हणून २०११ साली भारतात बंद झाले. २०२५ साली वजन उतरवणारी नवी इंजेक्शने आली. ज्यांना वैद्यकीय कारणासाठी ती लागतात त्यांनी ती जरूर घ्यावीत. पण लग्नाच्या बाजारात 'सडपातळ हवी' अशी अट घातली जाते, कांदेपोह्यांच्या बैठकीत मुलीच्या तोंडावर तिच्या दंडाची चर्चा होते. तिथे हे इंजेक्शन कोणाच्या दबावाने घेतले जाईल ते सांगायला ज्योतिषी नको.

म्हणजे ज्या मोबाइलने आजाराला खतपाणी घातले त्याच मोबाइलवर आता औषध मिळेल असे सांगितले जात आहे. तरीही मोबाइल फेकून द्या, असे आम्ही म्हणत नाही. का, ते पुढे पाहू.

स्व-मदत ही आपलीच कल्पना

स्व-मदतीचा शोध कंपन्यांनी लावलेला नाही. दारू सोडू पाहणारी माणसे गटात बसून एकमेकांना धरून ठेवतात, ही पद्धत आपल्याकडेही अनेक दशके चालत आली आहे. बॉस्टनमधल्या काही बायकांनी डॉक्टरांच्या मक्तेदारीला कंटाळून स्वतःच्या शरीराविषयी स्वतः माहिती जमवली आणि त्यातून १९७० च्या सुमारास 'अवर बॉडीज, अवरसेल्व्ज' हे पुस्तक उभे राहिले. सुझी ऑर्बाक यांनी १९७८ साली लठ्ठपणाकडे स्त्रीमुक्तीच्या नजरेने पाहणारे पुस्तक लिहिले. ते मुळात ताबा सुटून खाणाऱ्या बायकांसाठी स्व-मदतीचे पुस्तक होते आणि बायकांनी गट करून कसे बसावे, हेही त्यात होते.

डॉक्टरांवर डोळे झाकून विश्वास ठेवा, असे या चळवळीने कधी सांगितले नाही, आणि तसे कारणही होते. १९९४ साली शिरूरच्या संस्थेतल्या मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली, तेव्हा स्त्री-संघटना रस्त्यावर आल्या होत्या. 'तिच्या भल्यासाठी' या शब्दांखाली काय काय खपवले जाते, हे आपण जाणतो. म्हणून उपचारांची सूत्रे बाईच्या हाती असावीत, तिला स्वतःच्या आजाराची माहिती असावी, हा आग्रह आपला आहे.

पण त्या स्व-मदतीत 'स्व' एकटा नव्हता. सतरंजीवर आठ-दहा बायका बसत. एकीचे ऐकून दुसरीला बोलायचा धीर येई. बाजाराने त्यातली सतरंजी काढून घेतली, बायका काढून घेतल्या, आणि उरलेला एकटा 'स्व' मासिक वर्गणी लावून विकायला काढला. बरी झालीस तर अ‍ॅपचे यश. नाही झालीस तर तुझीच चिकाटी कमी पडली. ही स्व-मदत नव्हे, जबाबदारी ढकलणे आहे.

'जोडीला' म्हणजे नेमके काय?

ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०१७ साली खाण्याच्या आजारांवरील उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ती आपल्या गटांनी नीट समजून घ्यावीत, कारण त्यात स्व-मदतीला मानाची जागा आहे आणि तिची हद्दही आखलेली आहे. प्रौढांच्या बुलिमियात आणि ताबा सुटून खाण्याच्या आजारात पहिला उपाय म्हणून मार्गदर्शित स्व-मदत सुचवली आहे. इथे 'मार्गदर्शित' हा शब्द महत्त्वाचा. बुलिमियासाठी रुग्णाने पुस्तक किंवा धडे वापरायचे, आणि सोबत सोळा आठवड्यांत चार ते नऊ वेळा, दर वेळी वीस मिनिटे, प्रशिक्षित माणसाने तिच्याशी बोलायचे. चार आठवड्यांत गुण आला नाही, तर पूर्ण मानसोपचार सुरू करायचा विचार करायचा. अ‍ॅनोरेक्सियासाठी मात्र स्व-मदत हा पहिला उपाय सांगितलेलाच नाही. तिथे प्रशिक्षित व्यक्तीकडून मानसोपचार, मुलामुलींसाठी कुटुंबासह उपचार, आणि शरीराच्या प्रकृतीवर देखरेख लागते. फार दिवस उपाशी राहिलेल्या मुलीला घरच्यांनी एकदम भरपूर खाऊ घातले तरी तिच्या रक्तातले क्षार बिघडून जीव जाऊ शकतो. हे कोणतेही अ‍ॅप फोनच्या काचेतून तपासू शकत नाही.

जोडीला आलेली साधने मात्र खरोखर उपयोगी पडतात. दोन भेटींमध्ये पंधरा दिवस जातात. त्या काळात काय खाल्ले, केव्हा ताबा सुटला, त्याआधी घरात काय झाले होते, याची नोंद ठेवता येते. कल्याणहून ठाण्याला उपचाराला जायचे तर लोकलची गर्दी, बुडालेला रोज आणि सासूला द्यायचे कारण, असे तिन्ही आडवे येते. त्यातली एखादी भेट फोनवर होऊ शकते. शिवाय लाज. आपल्या बोलण्यात 'हिला ठाण्याला पाठवा' हा विनोद इतका रुळला आहे, की १९०१ सालापासूनच्या त्या मनोरुग्णालयाचे नाव शिवीसारखे वापरले जाते. अशा ठिकाणी पहिला शब्द माणसाऐवजी फोनपाशी बोलणे अनेकींना सोपे जाईल. ती उंबरठ्याची पहिली पायरी आहे. पण पायरी बांधली आणि घर बांधलेच नाही, तर बाईने पायरीवर किती दिवस बसायचे?

शेवटचे ताट

या उपचारांचा पाया एका साध्या नियमाचा आहे: ठरलेल्या वेळी खा. दिवसातून तीन जेवणे, मध्ये दोन-तीनदा थोडे काही, आणि दोन खाण्यांत चार तासांहून फार अंतर नको. उपास घडला की भूक साठते, साठलेली भूक ताबा सोडवते, ताबा सुटला की अपराधी वाटते, आणि अपराधी वाटले की पुन्हा उपास. हे चक्र तोडायचा मार्ग नियमित ताट हा आहे.

आता हा नियम डोंबिवलीच्या दोन खोल्यांत आणून पाहा. पहाटे पाचला उठून चार डबे भरणारी बाई चहावर लोकल पकडते. दुपारी डबा खायला दहा मिनिटे. संध्याकाळी उभ्याने प्रवास, आल्यावर स्वयंपाक, सगळ्यांचे वाढून झाल्यावर उरलेले तिचे. रात्री अकराला ओट्यापाशी उभी राहून पातेले निपटते. त्यात संकष्टी, सोमवार, नवरात्राचे नऊ दिवस. 'एकादशी दुप्पट खाशी' हा टोमणाही तिच्याच वाट्याला. ज्या मुलीला अ‍ॅनोरेक्सिया आहे तिला तर उपास हे उत्तम पांघरूण. घरातले तिच्या श्रद्धेचे कौतुक करतात आणि ती खंगत जाते.

या बाईला अ‍ॅप सांगणार, 'आपली जेवणाची वेळ पाळा.' कोणाच्या घरात? कोणाच्या परवानगीने? नियमित ताट ही सवयीची बाब नाही, ती घरातल्या सत्तेची बाब आहे. म्हणून नवऱ्याने, सासूने, मुलाने बदलावे असे काहीही न सांगणारा उपचार अर्धाच आहे, मग तो मोबाइलवर मिळो की दवाखान्यात. आणि बाजारातली कितीतरी 'आरोग्य' अ‍ॅप नेमके उलटे करतात. ती उष्मांक मोजायला लावतात, रोज वजन नोंदवायला लावतात, कमी खाल्ले की शाबासकी देतात. या आजाराच्या बाईला हे देणे म्हणजे आगीत रॉकेल ओतणे.

टेसाचा धडा

अमेरिकेत खाण्याच्या आजारांसाठी काम करणाऱ्या एका मोठ्या राष्ट्रीय संस्थेची मदतवाहिनी होती. तिथल्या कर्मचाऱ्यांनी संघटना केली. त्यानंतर २०२३ साली संस्थेने ती मदतवाहिनी बंद करायचे ठरवले आणि 'टेसा' नावाचे संभाषणयंत्र पुढे केले. मे महिन्याच्या अखेरीस ते यंत्रही बंद करावे लागले, कारण खाण्याच्या आजाराबद्दल विचारणाऱ्यांना ते उष्मांक कमी करण्याचे आणि वजन उतरवण्याचे सल्ले देत होते. आधी माणसे काढली, मग यंत्र काढावे लागले, आणि विचारणारी बाई दोन्हीला मुकली. 'जोडी' आणि 'बदली' यांतला फरक याहून स्पष्ट कोणी दाखवू शकणार नाही.

दुसरी गोष्ट गुपिताची. त्याच वर्षी बेटरहेल्प या ऑनलाइन समुपदेशन कंपनीवर ग्राहकांची खासगी माहिती फेसबुक आणि इतर कंपन्यांना जाहिरातीसाठी पुरवल्याचा ठपका अमेरिकी सरकारच्या आयोगाने ठेवला आणि कंपनीला ७८ लाख डॉलर भरावे लागले. आपल्याकडेही २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. पण कायद्याआधी घरातला प्रश्न आहे. वर सांगितलेल्या २०१९-२१ च्याच पाहणीत देशातल्या ३३.३ टक्के स्त्रियांनी कधी ना कधी इंटरनेट वापरले होते. पुरुषांचे प्रमाण ५७.१ टक्के. आणि ज्या बायकांकडे फोन आहे त्यांतल्या कितीजणींचा फोन नवरा, भाऊ, मुलगा तपासत नाही? 'ओकले' असे लिहिलेली नोंदवही सासरच्या हाती लागली तर तिचे काय होईल, याचा विचार अ‍ॅप करणाऱ्याने केलेला नसतो. तो आपल्याला करावा लागेल.

डॉक्टर कुठे आहेत?

'पण डॉक्टरच नाहीत, तर निदान मोबाइल तरी', असे समंजस माणसेही म्हणतात. खरे आहे, देशात लाख लोकांमागे एकसुद्धा मनोविकारतज्ज्ञ नाही. नेहमी दिला जाणारा आकडा ०.७५ आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत निरनिराळ्या मानसिक आजारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांविना असल्याचे दिसले. पण टंचाई हे टंचाई कायम ठेवण्याचे कारण होऊ शकत नाही. पाण्याची टंचाई आहे म्हणून कोणी नळाचे चित्र वाटत नाही.

कायदा आपल्या बाजूने आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ साली झाला आणि मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या अठराव्या कलमाने सरकारी खर्चाने चालणाऱ्या किंवा सरकारी अनुदानाच्या सेवांमधून मानसिक उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. एकविसावे कलम सांगते, की आरोग्य विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने धरले पाहिजे. केंद्र सरकारची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर सुरू झाली, ती मराठीतूनही बोलते, आणि २०२४ साली तिचे अ‍ॅपही आले. ठाण्यात १९९० सालापासून डॉ. आनंद नाडकर्णी यांनी सुरू केलेली आयपीएच ही संस्था काम करते आहे. बांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली 'सेहत' संस्था आणि मुंबई महापालिकेने मिळून हिंसाग्रस्त स्त्रियांसाठी 'दिलासा' केंद्र सुरू केले. स्त्री-प्रश्नाची जाण असलेली सेवा सरकारी दवाखान्याच्या आत उभी राहू शकते, हे त्याने दाखवून दिले. वाट माहीत आहे. चालायची इच्छा हवी.

म्हणून आपल्या मागण्या अशा असाव्यात. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर या महापालिकांच्या रुग्णालयांत मनोविकारतज्ज्ञ, समुपदेशक आणि आहारतज्ज्ञ यांच्या किती जागा मंजूर आहेत आणि किती भरल्या आहेत, हे जाहीर करा. आपण माहितीच्या अधिकाराखाली २००५ च्या कायद्याने ते विचारूच. खाण्याच्या आजारासाठी ठरलेल्या वारी बाह्यरुग्ण विभाग चालवा. तिथे रक्त आणि हृदयाची तपासणी एकाच फेरीत व्हावी. स्व-मदतीचे कोणतेही साधन सार्वजनिक पैशातून येणार असेल, तर त्यामागे नाव असलेला, प्रशिक्षित माणूस असावा, धोक्याची लक्षणे दिसताच तो रुग्णाला डॉक्टरकडे नेणारा असावा. ते साधन मराठीत असावे. त्यात भाकरी, वरणभात, साबुदाणा आणि उपासाचे दिवस असावेत, परदेशी न्याहारीचे तक्ते नकोत. त्यात उष्मांकांचे गणित आणि वजनाची स्पर्धा नसावी. आणि बाईची माहिती तिच्या परवानगीशिवाय कोणालाही, घरच्यांनाही, दिसू नये.

आपल्यालाही कामे आहेत. १९९९ साली ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी या आजारांच्या प्राथमिक ओळखीसाठी पाच प्रश्न तयार केले. पोट फुगल्यासारखे वाटून मुद्दाम ओकतेस का, किती खातेस त्यावरचा ताबा सुटल्याची धास्ती वाटते का, तीन महिन्यांत सहा किलोहून जास्त वजन उतरले का, इतर जण बारीक म्हणत असताना तुला आपण जाड वाटतो का, अन्नाच्या विचाराने आयुष्य व्यापले आहे का. दोन किंवा जास्त 'हो' आले तर डॉक्टरांकडे नेण्याची गरज आहे असे समजावे. चक्कर येणे, छातीत धडधडणे, काहीच न खाणे असेल तर प्रश्न विचारत बसू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. हे पाच प्रश्न बचत गटांत, महाविद्यालयांत, अंगणवाडी सेविकांच्या बैठकीत पोहोचवता येतील. पुरुषांना आणि तृतीयपंथीयांनाही हे आजार होतात, हेही तिथेच सांगावे.

आणि गट पुन्हा बसू द्या. ज्यांच्या हातात मोबाइल आहे त्यांनी धडे वाचावेत, नोंदवही भरावी. पण आठवड्यातून एकदा ती नोंदवही सतरंजीवर यावी, चार मैत्रिणींत बोलली जावी, आणि मध्ये डबे उघडून सगळ्यांनी एकाच वेळी जेवावे. सगळ्यांचे झाल्यावर उरेल ते खाणे हा बाईचा धर्म नव्हे, आणि सगळ्यांना सेवा देऊन उरली तर बाईला देणे हे सरकारचे धोरण होऊ शकत नाही. ताटही पहिल्या पंगतीचे हवे, उपचारही.